तळणीचं ग्रहण आणि टंगस्टनवरची लव

मुंबई-नागपूर लोहमार्गावर पुलगाव आणि धामणगावच्या मध्ये तळणी नावाचं छोटं स्टेशन आहे. १८९८ च्या जानेवारीत या स्टेशनाजवळच्या मोकळ्या रानात ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींचे तंबू पडले. मोहिमेचे प्रमुख होते ग्रिनिच वेधशाळेचे वॉल्टर माउंडर. सोबत त्यांच्या पत्नी अॅनी माउंडर, जॉन एव्हरशेड आणि थ्वेट्स. मुंबई-पुण्यात प्लेगचा धुमाकूळ चालू होता, त्याच्या आदल्या वर्षी दुष्काळ पडून गेला होता, आणि अशा दिवसांत ही माणसं दोन मिनिटांच्या अंधारासाठी इंग्लंडहून वऱ्हाडात आली होती.

२२ जानेवारीच्या त्या खग्रास ग्रहणाचा पट्टा मराठी मुलखावरून तिरका गेला. विजयदुर्गाला तो किनाऱ्यावर चढला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आला आणि पुढे मध्य प्रांतात गेला. आमचं महागाव त्या वेळी पुसद तालुक्यातलं एक गाव होतं आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात मोडत होता. ग्रहणाची मधली रेघ महागावच्या उत्तरेकडून गेली. त्या रेघेवर जागोजाग दुर्बिणी रोखलेल्या होत्या: विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर, जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला, पुलगावला न्यूअल आणि कॅप्टन हिल्स, तळणीला माउंडर दांपत्य.

अॅनी माउंडर यांच्याबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत. ग्रिनिचला त्या गणितं करणाऱ्या नोकरदार होत्या. १८९५ मध्ये लग्न झालं आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. तळणीला त्या कुठल्याही पगाराशिवाय, स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यासह आल्या होत्या. कॅमेऱ्याचं भिंग जेमतेम दीड इंचाचं. त्यावर त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला इतका लांब किरण टिपला, की तोवर तेवढा लांब किरण कुणाच्याच काचेवर उतरला नव्हता. मोठमोठ्या सरकारी मोहिमांना जे जमलं नाही ते वऱ्हाडाच्या कोरड्या हवेत या बाईंना जमलं. तिथेच एव्हरशेड यांनी सूर्याच्या कडेच्या झगमगत्या पातळ थराचा वर्णपट घेतला. हेच एव्हरशेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि सूर्यडागांच्या अभ्यासात त्यांचं नाव कायमचं झालं.

त्या थराच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषांशेजारी हेलियमच्या रेषा होत्या. सूर्यावरचा हा वायू पृथ्वीवर हाती लागून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. ज्या मराठी मुलखावर १८९८ मध्ये त्याच्या रेषा पुन्हा टिपल्या गेल्या, त्याच मुलखाने तीस वर्षांपूर्वी त्याची पहिली झलक पाहिली होती.

तो दिवस १८ ऑगस्ट १८६८. ऐन पावसाळा. त्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा पूर्वेला गेला. रॉयल सोसायटीने लेफ्टनंट जॉन हर्शेल यांना जमखंडीला पाठवलं होतं. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू, त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला इंजिनिअर. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात. ग्रहण लागलं तेव्हा ढग सूर्यावरून सरकत होते. फटीफटीतून त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेचा वर्णपट दिसला: तीन सुट्या तेजस्वी रेषा, एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. सलग पट्टा नाही, सुट्या रेषा, म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. एवढा मोठा निष्कर्ष त्या ढगाळ पाच-साडेपाच मिनिटांत हाती आला. नारिंगी रेषा मात्र त्यांनी सोडियमची मानली.

विजापूरला कॅप्टन हेग यांच्याकडे हातात धरायचा साधा वर्णपटदर्शक होता. त्यांना दोन ज्वाळांच्या वर्णपटात दोन ठळक पट्टे दिसले, एक गुलाबी आणि एक फिकट सोनेरी. मच्छलीपट्टणला मद्रासचे सरकारी ज्योतिषी पॉगसन यांना पिवळी रेषा सोडियमच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ वाटली. गुंटूरला फ्रान्सच्या जानसेनने रेषा पाहिल्या आणि त्यांच्या तेजाने भारावून दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, भर उन्हात त्या पुन्हा पाहिल्या. पाहिलं सगळ्यांनी. ही पिवळी-नारिंगी रेषा कुठल्याही ओळखीच्या मूलद्रव्याची नाही, हे मात्र त्या दिवशी कुणीच म्हटलं नाही.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. या ओट्यांवर उभं राहून लॉकियरने १८६८ साली हेलियम शोधला, असं आपल्याकडे भक्तिभावाने सांगितलं जातं, १८ ऑगस्टला तिथे हेलियमचा दिवसही पाळतात. पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडातच होता. ग्रहणावाचून ज्वाळांचा वर्णपट पाहण्याची युक्ती त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच साधली. त्याचं पत्र आणि जानसेनचं गुंटूरहून आलेलं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचलं गेलं, आणि पुढे फ्रान्सने दोघांच्या चेहऱ्यांचं एकत्र पदक पाडलं. विजयदुर्गाला लॉकियर खरोखर आला तो १८९८ च्या ग्रहणाला, ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन. ओटे त्या मोहिमेच्या नावावर जास्त शोभतात. किल्ल्याचा मान याने कमी होत नाही. ज्याने ही रेषा नव्या मूलद्रव्याची आहे असा आग्रह धरला, तो माणूस तीस वर्षांनी सूर्याचाच वर्णपट टिपायला आपल्या किनाऱ्यावर उतरला, ही खरी गोष्ट मला दंतकथेहून मोठी वाटते.

आग्रह धरणं सोपं नव्हतं. लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन तापवून, दाब बदलून ती पिवळी रेषा काढून पाहिली. निघाली नाही. सोडियमच्या दोन रेषांपासून ती किंचित बाजूला होती. मग सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या धन्याला हेलियम नाव मिळालं. पुढची पंचवीसेक वर्षं अनेक रसायनशास्त्रज्ञांनी या नावाला दाद दिली नाही, कारण हा वायू पृथ्वीवर कुणाच्या हाती लागत नव्हता, आणि तो कशाशीच संयोग करत नव्हता. क्षार नाही, आम्ल नाही, राख नाही. रसायनशास्त्राने पकडावं तरी कुठे? १८९५ च्या मार्चमध्ये लंडनला विल्यम रॅम्झीने क्लीव्हाइट नावाचं युरेनियमयुक्त खनिज आम्लात उकळलं, त्यातून निघालेला वायू नळीत भरून वीज सोडली, आणि ती पिवळी रेषा समोर आली. क्रुक्सने मोजून खात्री केली.

दगडात हा वायू आला कुठून, याचं उत्तर रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०९ मध्ये दिलं. त्यांनी अतिशय पातळ काचेच्या नळीत किरणोत्सारी वायू कोंडला. त्यातून सुटणारे अल्फा कण काच भेदून बाहेरच्या निर्वात नळीत साचत गेले. काही दिवसांनी त्या नळीत वीज सोडली तर तीच पिवळी रेषा. म्हणजे अल्फा कण हेच हेलियमचे अणुकेंद्र. हेलियम भिंतीत घुसतो, हे माणसाने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्याचे परिणाम भोगायची पाळी अजून यायची होती.

ती आली अणुभट्ट्यांच्या काळात. १९५० आणि ६० च्या दशकांत इंग्लंडच्या हार्वेल केंद्रात बार्न्स आणि मॅझी यांनी तांब्यात अल्फा कण मारले आणि धातू तापवला. सूक्ष्मदर्शकाखाली धातूच्या आत बुडबुडे दिसले. हेलियम धातूत विरघळत नाही. बहुतेक वायूंना धातूच्या इलेक्ट्रॉनांत थोडीफार जागा मिळते. हेलियमचं कवच भरलेलं, त्याला कुणाशी देवघेव नको. त्यामुळे आत अडकलेला प्रत्येक अणू रिकामी जागा शोधत फिरतो आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या अणूजवळ जाऊन बसतो. ज्या अलिप्तपणामुळे तो सत्तावीस वर्षं सापडला नाही, त्याच अलिप्तपणामुळे तो धातू फोडतो.

याच काळात मुंबईचा एक माणूस हेलियम बनवण्याची भाषा बोलत होता. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. अध्यक्ष होमी भाभा. येत्या दोन दशकांत संमीलनाची, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जुळून मिळणारी, ऊर्जा नियंत्रितपणे मोकळी करण्याची रीत सापडेल, असं भाकीत त्यांनी अध्यक्षपदावरून केलं. त्या वेळी अमेरिका, ब्रिटन, रशिया यांचं या विषयावरचं काम गुप्त होतं. भाभांनी तो विषय उघड्यावर आणला. दोन दशकांची मुदत टळली, पण दिशा चुकली नव्हती. ड्युटेरियम आणि ट्रिटियम जुळले की एक न्यूट्रॉन आणि एक हेलियम तयार होतो. १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपैकी १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो, ३.५ हेलियमच्या वाट्याला. म्हणजे अशा भट्टीतली राख म्हणजे हेलियम. ती सतत बाहेर काढावी लागते, नाहीतर भट्टी विझते.

राख बाहेर काढायची तर ती कुठेतरी भिंतीला लागणार. टोकामाक नावाच्या चुंबकी कढईच्या तळाशी त्यासाठी खास पन्हळ असते. तिथे दर चौरस मीटरला दहा मेगावॉटपर्यंत उष्णता सतत पडणार, अधूनमधून वीसपर्यंत. आधी कार्बनच्या फरशा वापरत, पण कार्बन ट्रिटियम धरून बसतो. उरला टंगस्टन: ३४२२ अंश सेल्सियसला, म्हणजे धातूंत सगळ्यात उशिरा वितळणारा. आपल्या विदर्भाला हा धातू परका नाही. नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात टंगस्टनची खनिजं आहेत, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच आगरगावच्या वुल्फ्रामची नोंद केली होती.

टंगस्टन हेलियमपुढे टिकेल, असं मानायला चांगलं कारण होतं. भिंतीजवळ पोचणारे बहुतेक आयन थंडावलेले असतात, काही दहा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. टंगस्टनचा एक अणू जागेवरून उडवायला हेलियमला शंभराहून अधिक लागतात. हिशेब सरळ होता: धक्का पुरेसा नाही, तर भिंतीला काही होणार नाही.

जपानच्या नागोया विद्यापीठात नॅगडिस-२ नावाचं यंत्र होतं. लांब नळी, भोवती चुंबक, आत प्लाझ्माचा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूचा, सलग दाट झोत. २००४ च्या सुमारास निशिजिमा आणि सहकाऱ्यांनी तापलेल्या टंगस्टनवर हेलियमचा झोत सोडला, तर पृष्ठभागावर बुडबुडे आणि खड्डे उमटले. ते हार्वेलच्या ओळखीतलंच होतं. मग तापमान जरा खाली आणलं आणि झोत बराच वेळ चालू ठेवला. टंगस्टनची पट्टी बाहेर काढली तेव्हा चकचकीत राखाडी धातू काजळी फासल्यासारखा काळा झालेला होता. जिनिंगमधून निघालेल्या सरकीवर जी बारीक लव राहते ना, तसंच काहीतरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं: टंगस्टनचे तंतू, एकमेकांत गुंतलेले, फांद्या फुटलेले, जाडी काही दहा नॅनोमीटर. तंतूंच्या आतही हेलियमचे बुडबुडे. ताकामुरा, ओनो, निशिजिमा आणि काजिता यांचा हा शोध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकात त्यांनी या रचनेला झाडाच्या आकाराची म्हटलं.

बाहेरून काही येऊन बसलं नव्हतं. काही उडून गेलं नव्हतं. धातूच आतून उगवला होता.

हे कसं घडतं, त्याचं चित्र पुढच्या दहा वर्षांत हळूहळू स्पष्ट झालं. आयन पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटर जाऊन थांबतो. टंगस्टनच्या जाळीत त्याला सहज फिरता येतं, म्हणून तो फिरतो आणि दुसऱ्या हेलियमला भेटला की तिथेच ठाण मांडतो. पाच-सहा जमले की त्यांच्या दाबाने टंगस्टनचा एक अणू जागा सोडतो आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत आणखी हेलियम येतो. असा बुडबुडा तयार होतो, ज्याच्या आतला दाब वातावरणाच्या हजारो पटींवर जातो. बुडबुडा वाढताना धातूचे अणू वरच्या बाजूला ढकलले जातात, पृष्ठभाग फुगतो, कुठे फुटतो. फुटलेल्या जागेतून हेलियम आणखी खोल उतरतो. ढकललेले अणू टोकाशी साचतात, तंतू लांबतो. एका हेलियमला टंगस्टनचा अणू उडवता येत नव्हता हे खरंच होतं. पण आत गोळा झालेले हेलियम मिळून तो हलवतात, आणि हिशेबात ते धरलं गेलं नव्हतं.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोला बाल्डविन आणि डोर्नर यांनी पिसेस-बी यंत्रावर याची वाढ मोजली. हजार ते दोन हजार केल्विनच्या दरम्यान तापलेला टंगस्टन, तासन्तास झोत. थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असं त्यांना आढळलं. चौपट वेळ दिला तर थर दुप्पट. वाढ मंदावते, पण त्यांच्या प्रयोगात ती थांबली नाही. पुढे त्यांनी ड्युटेरियममध्ये थोडासा हेलियम मिसळून पाहिलं, तरी लव उगवली. खऱ्या भट्टीत असंच मिश्रण असणार, म्हणून ही गोष्ट गंभीर होती.

तरीही काहींच्या मते हा प्रयोगशाळेतल्या सरळ नळ्यांचा खेळ होता. टोकामाकच्या धकाधकीत असं नाजूक काही उगवणार नाही. २०१२ मध्ये एमआयटीच्या राइट आणि सहकाऱ्यांनी अल्केटर सी-मॉड या टोकामाकात तापता टंगस्टन हेलियमच्या छोट्या छोट्या झोतांखाली ठेवला. सगळे झोत मिळून काही सेकंदांचेच. टंगस्टनच्या टोकावर तीच लव उभी राहिली होती. त्यानंतर हा प्रश्न टाळण्याजोगा राहिला नाही.

प्रश्न कोणता? लवेत धातू थोडा आणि पोकळी जास्त, म्हणून उष्णता खाली पोचत नाही. घन टंगस्टन उष्णता चटकन वाहून नेतो, ही लव नेत नाही. तिच्यावर क्षणभर जादा उष्णता पडली की टोकं वितळतात. काजिता यांनी दाखवलं की लेसरचा एक छोटा ठोका बसला तरी अशा पृष्ठभागावर विजेची ठिणगी पेटते आणि वेड्यावाकड्या रेघा ओढत धावते. उडालेली टंगस्टनची धूळ प्लाझ्मात गेली तर तो थंडावतो, कारण टंगस्टन जड असल्याने ऊर्जा किरणांवाटे भसाभस टाकतो. दुसऱ्या बाजूने थोडा दिलासाही आहे. लव पुरेशी तापवली तर ती स्वतःच विरघळून परत सपाट होते, आणि मऊ असल्यामुळे काही प्रकारच्या तड्यांपासून ती खालचा धातू वाचवते.

मॉलिब्डेनमवर अशीच लव येते, आणि इतर अनेक धातूंवर हेलियमने आपापल्या परीची नक्षी उमटवली: कुठे तंतू, कुठे सुळके, कुठे नुसती भोकं. भट्टीवाल्यांची ही डोकेदुखी दुसऱ्यांच्या कामाची ठरते आहे. इतका काळा पृष्ठभाग प्रकाश जवळजवळ सगळा गिळतो, आणि तंतूंमुळे क्षेत्रफळ प्रचंड वाढतं, म्हणून प्रकाशाच्या साहाय्याने रासायनिक क्रिया घडवण्यासाठी आणि वायू ओळखणाऱ्या संवेदकांसाठी त्याची चाचपणी चालू आहे.

भारत यात बघ्याच्या भूमिकेत नाही. डिसेंबर २००५ मध्ये आपण फ्रान्समधल्या आयटर या आंतरराष्ट्रीय संमीलन-भट्टीच्या प्रकल्पात सामील झालो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आपल्या वाट्याच्या कामाची जबाबदारी आली आणि आयटर-इंडियाचं प्रमुखपद डॉ. शिशिर देशपांडे यांनी सांभाळलं. ३८५० टनांचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळी भट्टी ज्याच्या पोटात बसते ते तीस मीटर उंचीचं पोलादी पात्र, मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला घडवलं. त्याचा तळ मे २०२० मध्ये फ्रान्सला खड्ड्यात उतरवला गेला. आणि गांधीनगरच्या त्याच संस्थेच्या आसाममधल्या सोनापूर केंद्रात सिम्पल-पीएसआय नावाचं यंत्र उभं राहिलं, ज्याच्या हेलियम झोताखाली टंगस्टनवर लव उगवते आणि मोजली जाते. भाभांनी ज्या राखेचं स्वप्न पाहिलं, तिला भिंत कशी सहन करील याचा अभ्यास आता आपल्या देशात होतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

२०२३ मध्ये आयटरने आणखी एक मोठा बदल जाहीर केला. आतली मुख्य भिंत बेरिलियमची ठरली होती. तीही टंगस्टनची करायची. म्हणजे आता हेलियमला भट्टीत जवळजवळ सगळीकडे टंगस्टनच भेटणार. आयटरच्या पन्हळीत लव नेमकी किती वाढेल, हे दोन वेगांवर अवलंबून आहे: हेलियम ती किती भरभर उगवतो, आणि प्लाझ्माच्या कडेला होणारे छोटे उद्रेक ती किती भरभर जाळून, झिजवून सपाट करतात. उगवण्याचा वेग नागोया, सॅन दिएगो आणि सोनापूरच्या पट्ट्यांवर मोजता येतो. उद्रेकांचा खरा मारा त्या आकाराच्या भट्टीतच कळेल.